बादशहाचं गवत कोण कापायचं?

इतिहास हा माझा विषय नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या शाळेत बी.एड. झालेल्या माणसाला कुठलाही तास चालतो असं समजतात, त्यामुळे इतिहासाचे तासही अधूनमधून माझ्या अंगावर पडतात. डिसेंबर २०१५मध्ये असाच तास घेता घेता सहल निघाली आणि मी सहावी-सातवीच्या मुलांना घेऊन औरंगाबादला, बीबी का मकबऱ्याला गेलो.

मराठवाड्यात सलग दोन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता. एस.टी.च्या खिडकीतून तूर करपलेली दिसत होती, विहिरी तळाला गेल्या होत्या. आणि मकबऱ्याच्या दरवाजातून आत शिरल्याबरोबर समोर हिरवंगार गवत. मुलं गप्पच झाली. मीही भारावलो. मुलांना म्हणालो, ‘‘बघा, ही मुघलांची बाग. चहारबाग म्हणतात हिला.’’ त्या वाक्यात थोडी ऐट होती हे आज कबूल करतो. वर्गात मुघलांचा धडा आला की माझ्यासारख्या शिक्षकाची कशी कसरत होते, हे माझ्या नेहमीच्या वाचकांना सांगायला नको. त्यामुळे बिनवादाची एखादी सुंदर गोष्ट दाखवायला मिळाली की जरा बरं वाटतं.

तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीने विचारलं, ‘‘सर, तेव्हा हे गवत कोण कापायचं? मशीन होतं का?’’

मी म्हणालो, ‘‘माळी असायचे. विळ्याने कापायचे.’’ उत्तर मी जागच्या जागी रचलं होतं. शिक्षक ते करतात. मुलीचं समाधान झालं नव्हतं, पण डबे उघडायची वेळ झाली होती.

परत आल्यावर मी जे केलं त्याची ही गोष्ट आहे. शाळेचं मूल्यांकन व्हायचं होतं आणि समोरच्या मोकळ्या जागेचं काहीतरी करा, असा आग्रह होता. मी सुचवलं, हिरवळ लावू, मकबऱ्यासारखी. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि काम माझ्याकडेच आलं. फेब्रुवारी २०१६मध्ये नर्सरीतून तयार गवताच्या गुंडाळ्या आल्या. खाली दोन बोटं तांबडी माती, वर मखमलीसारखं बारीक गवत. आमच्या मैदानाची माती काळी, कापसाची. तिच्यावर एका दिवसात सतरंजी अंथरावी तसं ते अंथरलं गेलं. फोटो निघाले, मूल्यांकन झालं, शेरा चांगला मिळाला.

शाळेच्या बागेचं जुजबी काम बघायला एक माळी चाचा येत असत. कामाची त्यांनी तारीफ केली नाही. एवढंच म्हणाले, ‘‘सर, ये मेहमान घास है. गर्मी में मेहमान कू कोन बुलाता?’’

मार्चच्या अखेरीस काळी माती तडकायला लागली. ज्यांनी ही माती पाहिलेली नाही त्यांना सांगतो. पाणी मिळालं की ती फुगते आणि वाळली की आकसते, इतकी की मे महिन्यात भेगेत हात जातो. खालची जमीन फाटली तशी वरची सतरंजीही सांध्यांवर उसवली. पाणी घातलं तर ते तांबड्या मातीच्या थरातच थांबायचं, नाहीतर भेगेतून सरळ खाली जायचं. मुळं वरच्या दोन बोटांत अडकलेली, खाली उतरायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. गवत पिवळं पडू लागलं. आम्ही आठवड्याला एक टँकर सुरू केला, मग दोन.

त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होतं. मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे पुढचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले होते, कारण मैदानांच्या गवताला लागणारं पाणी. ही बातमी मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवली. मोठ्या शहरांच्या उधळपट्टीवर दोन शब्दही बोललो. खिडकीबाहेर आमचा टँकर उभा होता.

मग एक दिवस सकाळच्या शाळेत एका विद्यार्थ्याची आई आली. हातात दोन रिकाम्या घागरी. तिने काही तक्रार केली नाही. ‘‘सर, गवताचं झाल्यावर थोडं राहिलं तर द्याल का?’’ एवढंच विचारलं. मी दोन्ही घागरी भरून दिल्या. दुसऱ्या दिवशी सात-आठ बायका आल्या. तिसऱ्या दिवसापासून टँकर सरळ त्यांच्या गल्लीत पाठवायचं ठरलं आणि गवत पंधरा दिवसांत गेलं. मूल्यांकनाच्या फायलीत ते अजून हिरवं आहे.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर शोधायला बसलो. खरं तर स्वतःच्या समाधानासाठी. मुघलांनी इतकं गवत जगवलं कसं, एवढंच मला हवं होतं.

उत्तर असं निघालं की असं गवत त्यांनी लावलंच नव्हतं.

सुरुवात बाबरापासून करावी लागते. १५२६मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि त्याची कुरकुर सुरू झाली. उकाडा, सोसाट्याचा वारा आणि धूळ. वाहतं पाणी नाही, बागा नाहीत. पावसाळ्यातली हवा त्याला आवडली, पण त्या दमट हवेत धनुष्यं आणि पुस्तकं खराब होतात, म्हणून तोही आनंद अर्धवट. आग्र्याला यमुनेपलीकडे त्याने बाग घातली तेव्हा आधी विहीर खणली आणि मग झाडांचं पाहिलं. क्रम लक्षात घ्या; आम्ही उलटा घेतला होता. अफगाणिस्तानातल्या आपल्या बाग-ए-वफाचं वर्णन त्याने प्रेमाने केलं आहे. हौद, हौदाभोवती संत्र्यांची आणि डाळिंबाची झाडं आणि त्यांच्या भोवती तीन पानी गवताचं, सेबर्ग्याचं कुरण. म्हणजे हिरवळ त्याला आवडत होती. पण ती पाण्याच्या कडेला, झाडांच्या सोबतीने उगवलेली. नजर पोहोचेल तिथपर्यंत सपाट आणि दर आठवड्याला भादरलेली अशी नव्हे.

चहारबागेची रचना पाहिली की गंमत कळते. मधोमध पाण्याचे पाट, त्यांनी बागेचे चार भाग. चालायचे रस्ते उंच आणि झाडांचे वाफे खोल. पाणी पाटातून वाफ्यात सोडायचं, ते मुळांपाशी मुरतं, वरून झाडांची सावली, त्यामुळे माती लवकर सुकत नाही. रस्ता उंच असल्याने चालणाऱ्याच्या हाताशी फुलं आणि फळं येतात. बर्नियर या फ्रेंच प्रवाशाने १६६३च्या पत्रात ताजमहालाच्या बागेचं वर्णन केलं आहे. त्यात झाडांनी झाकलेल्या वाटा आहेत, फुलांनी भरलेले वाफे आहेत. नुसत्या गवताचं मैदान नाही.

हे वाचताना मला बादशहापेक्षा माझे मामा आठवले. मामांची शेती होती आणि रात्री लाइट आली की ते दारं धरायला जायचे. मीही कंदील घेऊन मागे. एका वाफ्याचं दार फोडायचं, तो भरला की मातीने बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. पाट, वाफा, आळं. मुघलांच्या बागेत संगमरवर होता, मामांच्या शेतात चिखल, पण पाण्याला वागवायची रीत एकच. कोरड्या मुलखात पाणी मुळापाशी नेतात, आभाळाखाली पसरून ठेवत नाहीत.

आमच्या औरंगाबादचंच बघा. मलिक अंबरने १६१०मध्ये खडकी वसवली आणि डोंगराकडचं जमिनीखालचं पाणी नहरींतून, निव्वळ उतारावर, शहरात आणलं. नहर जमिनीखालून नेली की ऊन तिचं पाणी पीत नाही. पुढे मुघल आले, त्यांनी नहरी वाढवल्या, आणि त्याच युक्तीवर पाणचक्की फिरली. मकबऱ्याच्या दरवाजावर अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपतराय हा अभियंता अशी दोन नावं कोरलेली आहेत. सहलीत मी ती मुलांना वाचून दाखवली होती. ज्या माणसांनी एवढा हिशेब करून थेंब आणला, ते तो एप्रिलच्या उन्हात गवतावर शिंपडत बसले असतील, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मग हे गवत आलं कुठून? विलायतेतून. इंग्लंडात उन्हाळा सौम्य आणि पाऊस बाराही महिने थोडा थोडा. वाचून मी चकित झालो की लंडनचा वर्षाचा पाऊस साधारण ६०० मिलिमीटर आहे, म्हणजे मराठवाड्याच्या सरासरीपेक्षा कमीच! फरक इतकाच की आपला सगळा पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने ऊन असतं. त्यांच्याकडे गवत आपोआप हिरवं राहतं, प्रश्न फक्त कापायचा. तो आधी मेंढ्या सोडवायच्या नाहीतर लांब दांड्याची कोयती. १८३०मध्ये एडविन बडिंग नावाच्या माणसाने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कापडाच्या गिरणीत कापडावरची लव भादरायचं यंत्र असतं, त्यावरून त्याला हे सुचलं. पुढे मोठी यंत्रं घोडे ओढू लागले आणि खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे बूट घालत. आमच्याकडे पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, पण बूट कोणी घातल्याचं ऐकिवात नाही.

इंग्रज इथे आले, बंगले बांधले, आणि बंगल्यापुढे घरची आठवण म्हणून हिरवळ आली. ते समजू शकतो. परमुलखात माणूस घरासारखं काहीतरी करतोच. बाबर तरी आग्र्यात काबूलच शोधत होता ना! पण पुढे ही आठवण आमच्या इमारतींपुढेही पसरली. लॉर्ड कर्झन १८९९ ते १९०५ व्हाइसरॉय होता. जुन्या इमारतींबद्दल त्याला खरोखर आस्था होती. १९०४चा स्मारक संरक्षण कायदा त्याच्याच काळातला, ताजमध्ये टांगलेला दिवा त्यानेच कैरोहून आणवला. ताजची पडझड त्याने थांबवली हे मान्यच करायला हवं. पण बाग नीट करताना दाट झाडी गेली, वाफे बुजले आणि इमारत दुरून अख्खी दिसावी म्हणून मोकळी हिरवळ आली. नंतर कित्येक वर्षं ती कापायला बैल यंत्र ओढत होते. तसे फोटो पुष्कळ आहेत. कॉन्स्टन्स व्हिलियर्स-स्टुअर्ट या इंग्रज बाईंनी १९१३मध्ये मुघल बागांवर पुस्तक लिहिलं. हिंदुस्थानातल्या उन्हात सावलीची, पाण्याची बागच शोभते, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. ज्यांना दिसायला हवं त्यांना दिसलं नाही. ताजची ती हिरवळ पुढे देशभरच्या स्मारकांची रीत झाली आणि आज ‘मुघल बाग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इंग्रजांचं गवत येतं.

मुलांपुढे मी ऐटीत जी दाखवली ती बादशहाची हिरवळ मुळात व्हाइसरॉयची होती. शाळेत परतून मी तिचीच नक्कल केली, आणि तीही दुष्काळात.

मी भाषेचा मास्तर असल्याने शेवटी शब्दांकडेच वळलो. उर्दूत ‘सब्ज़ा’ म्हणजे हिरवळ, गवत. शायरांचा लाडका शब्द. बोलावल्याशिवाय उगवणाऱ्या गवताला ‘सब्ज़ा-ए-बेगाना’ म्हणतात, परकं गवत. तोच शब्द मराठीत आला आणि ‘सब्जा’ झाला, पण अर्थ बदलून. इथे तो तुळशीच्या जातीचा सुवासिक रोप, ज्याचं बी उन्हाळ्यात सरबतात घालतात. दर्ग्यांवर फुलांबरोबर सब्जा वाहतात, आमच्या कब्रस्तानात कबरींवर सब्जा लावतात. खुलताबादला औरंगजेबाची कबर आहे. वर छप्पर नाही, मध्ये उघडी माती आणि तिच्यात सब्जाचं रोप. त्याची बहीण जहाँआरा १६८१मध्ये वारली. दिल्लीला निजामुद्दीनच्या आवारात तिची कबर आहे, कडेने संगमरवर आणि मध्ये मातीत गवत. भावाच्या कबरीवर मराठीतला सब्जा, बहिणीच्या कबरीवर उर्दूतला. दोन्ही भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला ही गोष्ट आवडणारच.

त्या दोन्ही ठिकाणी जे उगवतं त्याला सपाट मैदान लागत नाही. हातभर माती पुरते.

आणि मराठीत हिरवळीच्या गवताचं खरं नाव काय? हरळी. कोणी हराळी म्हणतात, गणपतीला वाहताना तीच दूर्वा, उर्दू-हिंदीत तीच दूब. शेतकऱ्याला विचाराल तर हरळीसारखा वैरी नाही. नांगरट झाली की बाया दिवसदिवस तिच्या काश्या वेचतात आणि बांधावर जाळतात, तरी एखादी राहते आणि पावसात पुन्हा पसरते. जी वैऱ्यासारखी टिकते तिलाच आपण पाहुण्याच्या जागी बोलवायला हवं होतं. चाचांचं म्हणणं हेच होतं, फक्त त्यांनी ते एका वाक्यात सांगितलं आणि मला चारशे वर्षं फिरून यावं लागलं.

जून २०१६मध्ये पाऊस आला. मी चाचांना म्हणालो, ‘‘आता तुम्ही सांगाल तसं.’’ ते आधी काहीच करेनात. मृगाच्या सरी पडून गेल्या तरी नाही. ‘‘वाफसा येऊ द्या,’’ म्हणाले. काळ्या रानात चिखल तुडवला की जमीन विटेसारखी घट्ट होते. वाफसा आल्यावर त्यांनी मैदान खोदून घेतलं, ढेकळं फोडली, त्यात बारीक मुरूम, वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळलं. दरवाजाकडून ओढ्याच्या बाजूला किंचित उतार काढला, कारण काळ्या मातीत पाणी साचलं की हरळीसुद्धा पिवळी पडते. मुलांनी शेजारच्या शेताच्या बांधावरून दोन पोती हरळी आणली. शेतकरी म्हणाला, ‘‘सगळी न्या, उपकार होतील!’’ चाचांनी तिचे बोटभर तुकडे केले, शेण-मातीच्या काल्यात घोळले आणि ओल्या जमिनीवर भिंत सारवावी तसे सारवले. वरून पाऊस होताच. राखीपौर्णिमेपर्यंत मैदान हिरवं झालं.

कापायचं कधी यावरून मात्र आमचं वाजलं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाच्या आधी मला ते अगदी बारीक हवं होतं. चाचा म्हणाले, पहिल्या पावसाळ्यात वरून नुसतं टोक मारायचं, मूळ धरू द्यायचं. पुढच्या वर्षापासून पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी कापणी आणि कापलेलं गवत गावातल्या बकऱ्यांना. दसऱ्यानंतर पाऊस थांबला की आठवड्याला एकदा पण भरपूर पाणी, रोज शिंपडणं नाही. रोज शिंपडलं की मुळं वरच राहतात. ते मी एकदा पाहिलंच होतं. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा लव्हाळा तेवढा मुळासकट काढायचा. होळीनंतर कापणी बंद, गवत चार बोटं उंच ठेवायचं म्हणजे त्याचीच सावली त्याच्या मुळावर पडते. आणि एप्रिल-मेमध्ये पाणी बंद. गवत तपकिरी होईल, होऊ द्यायचं. कडेला आम्ही कडुनिंब आणि करंज लावले. मात्र मैदानाच्या मध्ये नाही, कारण दाट सावलीत हरळी विरळ होते. झाडांना आळी करून वापरलेलं पाणी जातं, हात धुवायच्या नळाचं.

श्रावणात आता गावातल्या बायका दूर्वा खुडायला येतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तर मैदानावर बसायला जागा नसते. तीन पात्यांची दूर्वा कुठे जास्त मिळते हे आमच्या शाळेतल्या अत्तारांच्या मुलाला सगळ्यांत चांगलं माहीत आहे, आणि तो ती जागा फुकट सांगत नाही.

त्या मुलीला खरं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. दहावीच्या निरोपाला तिला गाठून सांगितलं, की गवत कोणी कापत नव्हतं, कारण तसं गवतच नव्हतं. ती म्हणाली, ‘‘मला वाटलंच होतं, सर. तुम्ही विळा म्हणालात तेव्हा हसत होता.’’

यंदा नवे मुख्याध्यापक आले. जूनचा दुसरा आठवडा, पाऊस लांबलेला, मैदान पार तपकिरी. ते म्हणाले, शाळा उघडायच्या दिवशी पालक येतात, दोन टँकर मारून घेऊ का? मी चाचांकडे पाहिलं. आता ते फार थकलेत, काम मुलगा बघतो, ते नुसते येऊन बसतात. गुडघ्यावर हात टेकत उठले, मैदानात गेले, बोटाने माती उकरून एक काशी ओढून काढली आणि आमच्यासमोर मोडली. आत पांढरी होती, ओलसर.

‘‘ज़िंदा है, सर.’’

मुख्याध्यापकांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि खिशात ठेवली. टँकरला फोन केला नाही.